आधी ज्ञान, मग सेवा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आमच्या घरी एकदाच आले होते. मी बारावी झाले होते आणि नर्सिंगला जायचे म्हणून हटून बसले होते. वडील ऐकायला तयार नव्हते. 'लोकांची घाण काढायला मुलगी शिकवली का?' हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्या काळी आमच्या आळीत तो कोणालाही वावगा वाटला नसता. गुरुजींनी वाद घातला नाही. चहा घेतला. उठताना एवढेच म्हणाले, 'उद्या तुम्ही आजारी पडलात, तर उशाशी शिकलेले माणूस हवे की नको, ते तुम्हीच ठरवा.' दुसऱ्या दिवशी वडिलांनी फॉर्मवर सही केली.

त्या सहीवर माझे पुढचे सारे आयुष्य उभे राहिले. साडेतीन वर्षांचा डिप्लोमा, काही वर्षे वॉर्डातली नोकरी, मग पोस्ट बेसिकची पदवी, आणि उरलेली सगळी वर्षे एका सरकारी परिचर्या महाविद्यालयात बी.एस्सी. नर्सिंगच्या मुलामुलींना शिकवण्यात गेली. आज त्या शिक्षणाविषयी बोलायचे आहे. त्यात नेमके काय शिकवले जाते, ते विद्यापीठाच्या पदवीचे शिक्षण का आहे, आणि सरकारी कॉलेजात ते नीट व्हावे म्हणून आपल्याकडून काय व्हायला हवे, एवढ्या तीन गोष्टी मी सांगणार आहे.

नर्सबद्दल बोलताना आपल्या तोंडी पहिला शब्द येतो तो 'सेवा'. परिचारिका दिनाच्या भाषणांत, सत्काराच्या मानपत्रात, निरोप समारंभात तोच शब्द असतो. सेवाभाव, त्याग, ममता. या शब्दांशी माझे भांडण नाही. पण आपल्याच परंपरेत परिचर्येचा विचार कसा झाला आहे, ते पाहण्यासारखे आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचर आणि रोगी. यातला एक जरी लंगडा पडला, तरी चिकित्सा उभी राहत नाही. यांपैकी प्रत्येकाचे चार-चार गुण दिले आहेत. परिचराचे चार गुण असे : उपचारज्ञता, दाक्ष्य, रोग्याविषयी अनुराग आणि शुचिता. क्रम लक्षात घ्या. पहिला गुण उपचारज्ञता, म्हणजे उपचाराचे ज्ञान. दुसरा कामातली दक्षता. प्रेम तिसरे आहे. ज्याने हे लिहिले त्याला माणसाच्या आजारपणाची चांगली ओळख होती. प्रेम करणारे नातेवाईक खाटेभोवती पुष्कळ असतात. पण श्वास कधी बिघडला हे कळणारे माणूस त्यांच्यात नसते.

आपल्याकडे या ज्ञानाचे शिक्षण सहजासहजी सुरू झाले नाही. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात सेवासदनाचे काम सुरू झाले. पुढे सेवासदनाने बायकांना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवले. सोवळ्याओवळ्याच्या त्या काळात परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा, त्याचे मलमूत्र काढायचे, आणि हे शिक्षण म्हणून करायचे, ही कल्पना पचवणे घराघरांना जड गेले असणार. माझ्या वडिलांचा प्रश्न त्यानंतर सत्तर वर्षांनीसुद्धा तोच होता, यावरून ते ओझे किती जड होते याची कल्पना येईल.

पदवीचे शिक्षण आले ते स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ मध्ये देशाच्या आरोग्याचा अहवाल दिला. त्या वेळी ब्रिटिश हिंदुस्थानात ४३,००० माणसांमागे एक नर्स होती. त्याच १९४६ साली दिल्लीत आणि वेल्लोरला नर्सिंगचे पदवी अभ्यासक्रम सुरू झाले. दिल्लीतले ते कॉलेज आज स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांच्या नावाने ओळखले जाते. १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. आपल्या राज्यात १९९८ मध्ये नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि परिचर्येची पदवीही त्याच विद्यापीठाच्या छताखाली आली.

आज बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम चार वर्षांचा, आठ सत्रांचा आहे. शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, आहारशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र हे सगळे विषय त्यात आहेत. मग मोठ्यांचे आजार, मुलांचे आजार, मनाचे आजार, बाळंतपण, गावातले आरोग्य, संशोधन आणि व्यवस्थापन. या अभ्यासक्रमाचा एक नियम मला सगळ्यात बोलका वाटतो. वर्गातल्या तासांना ८० टक्के हजेरी चालते. रुग्णालयातल्या प्रत्यक्ष कामाची हजेरी मात्र पदवी हातात पडण्याआधी १०० टक्के पुरी करावी लागते. बुडलेला एकेक दिवस भरून काढावा लागतो. वॉर्डाला पर्याय नाही, हे ज्यांनी नियम केले त्यांना ठाऊक होते.

वॉर्डात पहिल्या सत्रात काय शिकवतात? लोकांना वाटते इंजेक्शन. आम्ही आधी श्वास मोजायला शिकवतो. ऐकायला सोपे वाटते, पण आपला श्वास कोणी मोजते आहे असे कळले की माणसाचा श्वास बदलतो. म्हणून मुलीला सांगायचे : रुग्णाच्या मनगटावर बोटे ठेव, नाडी मोज, आणि नाडी मोजून झाली तरी बोटे काढू नकोस. रुग्णाला वाटते, अजून नाडीच चालली आहे. तेवढ्यात नजर त्याच्या छातीवर ठेवायची, घड्याळाच्या सेकंदकाट्यावर ठेवायची आणि छाती किती वेळा वर येते ते मोजायचे. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचे नाही. पूर्ण एक मिनिट मोजायचे. धडधाकट प्रौढ माणसाचा श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० असतो.

आता मी माझ्या आयुष्यातली एक गोष्ट सांगते. आजवर ती फक्त माझ्या विद्यार्थ्यांनी ऐकली आहे. मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते. एका रुग्णालयात पुरुषांच्या वॉर्डात मला नाइट ड्यूटी लागली होती. वॉर्डात ४६ रुग्ण होते, आणि त्या रात्री नर्स म्हणून मी एकटीच होते. मी विद्यार्थिनी होते, पण ड्यूटीच्या यादीत माझे नाव कर्मचाऱ्यासारखे लावलेले होते. सलाईन बदलायच्या, दोन जणांचे ड्रेसिंग भिजले होते, एकाला उलट्या होत होत्या. पहाटे चार्ट भरायची वेळ झाली तेव्हा मी तापमान घेतले, नाडी घेतली आणि श्वासाच्या रकान्यात सगळ्यांच्या नावापुढे २० लिहिले. कोणाचाही श्वास मोजला नाही. कोपऱ्यातल्या खाटेवर एक म्हातारे गृहस्थ होते. सकाळच्या राऊंडला डॉक्टर त्यांच्यापाशी थांबले तेव्हा ते शेवटच्या घटका मोजत होते. दुपारी गेले. मी मोजले असते तर ते वाचले असते, असे मी म्हणत नाही. पण काही तरी बिनसले आहे हे निदान मला कळले असते, मी कोणाला तरी उठवले असते. चार्टवर मात्र त्यांचा श्वास अगदी नीट होता. तो माझ्याच अक्षरात होता.

मला एकटीला त्या वॉर्डात उभे करणारी व्यवस्था चुकीची होती. पण तो २० चा आकडा माझा होता, आणि म्हणूनच पुढे शिक्षिका झाल्यावर मी दर वर्षी पहिल्या सत्राला ही गोष्ट सांगत आले.

बऱ्याच वर्षांनी आमच्या कॉलेजची एक मुलगी सर्जरीच्या वॉर्डात होती. हर्नियाचे ऑपरेशन झालेला एक शेतकरी, दुसरा दिवस, ताप नाही, तक्रार नाही. चार्टवर आधीच्या तीन पाळ्यांत श्वास २०, २०, २०. तिने मोजला तर ३४. पुन्हा मोजला, ३४. तिला वाटले आपलेच चुकले. माझ्याकडे आली. मी म्हटले, माझ्याकडे काय येतेस, वॉर्डच्या परिसेविकेला जाऊन सांग. सिस्टरने स्वतः मोजला आणि निवासी डॉक्टरांना बोलावून घेतले. त्या माणसाच्या फुप्फुसात न्यूमोनिया घर करत होता. दोन दिवस तो आयसीयूत होता, दहाव्या दिवशी घरी गेला. निघताना त्याची बायको डॉक्टरांच्या पाया पडली. ती मुलगी वॉर्डात त्या वेळी खाट आवरत होती. तिला त्याचे काही वाटले नाही, असे तिनेच मला सांगितले. पण त्या दिवसापासून त्या वॉर्डात २० हा आकडा कमी दिसू लागला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नर्सिंगची शाळा सुरू केली. त्यांच्या 'नोट्स ऑन नर्सिंग' या पुस्तकात रुग्णाच्या निरीक्षणाला एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे. दीडशेहून अधिक वर्षे झाली, यंत्रे आली, मॉनिटर आले. तरी सरकारी रुग्णालयातल्या सामान्य वॉर्डात पन्नास खाटांमागे पन्नास मॉनिटर नसतात. तिथे मॉनिटर म्हणजे ती शिकलेली मुलगी.

दुसरे उदाहरण आपल्या मुंबईतले आहे आणि सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्यातला एक तपशील सहसा कोणी सांगत नाही. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच रुग्णालयात अमानुष हल्ला झाला. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, जवळजवळ ४२ वर्षे त्या अंथरुणाला खिळून होत्या. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी त्यांच्या प्रकरणात निकाल दिला, तेव्हा ३७ वर्षांत त्यांच्या अंगावर एकही बेडसोअर झालेला नाही, याची न्यायालयाने आवर्जून नोंद घेतली. निकाल दयामरणासाठी गाजला. आम्ही नर्सिंगच्या शिक्षकांनी त्या एका ओळीसाठी तो वाचला.

बेडसोअर म्हणजे काय? माणूस हलू शकत नसेल तर त्याच्या माकडहाडाखाली, टाचांखाली, कोपरांखाली, डोक्याच्या मागच्या बाजूला कातडी दबून राहते, रक्त पोहोचत नाही, आणि ती कुजायला लागते. एकदा झाला की तो हाडापर्यंत जाऊ शकतो. तो होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, पाठ पाहावी लागते, लाल झालेली जागा ओळखावी लागते, चादरीची एकही सुरकुती राहू द्यायची नसते, ओले कपडे लगेच बदलावे लागतात, पोटात प्रथिने जातात की नाही हे पाहावे लागते. दर दोन तासांनी, ३७ वर्षे. पाळ्या बदलल्या, परिचारिका निवृत्त झाल्या, नव्या आल्या, आणि काम मात्र खंडले नाही. याच्या मागे माया होती हे खरेच. पण नुसत्या मायेने बेडसोअर टळत नाही. कातडी, रक्ताभिसरण, आहार आणि जंतू यांचे ज्ञान, आणि ते रोज पाळण्याची शिस्त, हे दोन्ही लागते. चरकसंहितेतले पहिले दोन गुण तेच.

आता सरकारी कॉलेजात हे शिकायला कोण येते, ते सांगते. प्रवेश सीईटीतून होतो आणि फी परवडणारी असते, म्हणून शेतमजुराची, रिक्षावाल्याची, अंगणवाडी सेविकेची मुले इथे येतात. नंदुरबारची येतात, गडचिरोलीची येतात. घरातली पहिली पदवी बहुतेकांची हीच. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या मुलीच्या हातात आपण एकदम हजार पानांचे इंग्रजी पुस्तक देतो. पहिले सत्र ती रडत काढते. रात्री हॉस्टेलवर एकेका शब्दावर पेन्सिलीने अर्थ लिहीत बसते.

पण वॉर्डात गेल्यावर पारडे फिरते. रुग्ण पुस्तकातल्या भाषेत बोलत नाही. तो म्हणतो, 'जीव घाबरा होतोय', 'पोटात कालवतंय', 'अंगात कणकण आहे', 'छातीत चमक निघते', 'हातापायाला मुंग्या येतात', 'डोळ्यापुढे अंधारी येते'. शहरात वाढलेल्या तरुण डॉक्टरला यातले निम्मे शब्द विचारून घ्यावे लागतात. आमच्या मुलीला ते आईच्या तोंडून ठाऊक असतात. 'कणकण' म्हणजे ताप येण्याआधीचे अंग, आणि 'कालवतंय' म्हणजे दुखणे नव्हे, मळमळीच्या अलीकडचे काही, हे ती जाणते. मी वर्गात एक वही फिरवत असे. ज्या मुलीला रुग्णाकडून नवा शब्द मिळेल तिने तो त्या वहीत लिहायचा, गाव लिहायचे, आणि पुढे त्याला इंग्रजीत काय म्हणतात ते शोधून लिहायचे. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, गोंडी असे शब्द त्या वहीत जमा झाले. इंग्रजीची भीती त्या वहीने जितकी घालवली तितकी दुसऱ्या कशाने घालवली नाही. आपल्या घरचे शब्द शास्त्राच्या उपयोगाचे आहेत, असे त्या मुलींना पहिल्यांदाच वाटले.

गावातल्या पोस्टिंगला हेच पुन्हा दिसते. घरभेटीला जाताना मुलीच्या खांद्यावर एक बॅग असते. ती बॅग जमिनीवर थेट ठेवायची नसते. आधी वर्तमानपत्र पसरायचे, त्यावर बॅग ठेवायची, साबण काढायचा, हात धुवायचे, आणि मगच बाकीचे सामान काढायचे. काम झाले की कागद खालची बाजू आत येईल असा दुमडायचा. शेणाने सारवलेल्या ओसरीवर एकोणीस वर्षांची मुलगी हे करत असते आणि घरातली बाळंतीण, तिची सासू, शेजारची दोन पोरे टक लावून बघत असतात. हात धुण्यावर व्याख्यान द्यावे लागत नाही. मग ती सांगते : एक लीटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. जुलाब झालेल्या मुलाला हे घोट घोट पाजायचे. सासू विचारते, साखरेऐवजी गूळ चालेल का? या प्रश्नाला नीट उत्तर देता येणे, हीसुद्धा परीक्षाच आहे.

अशा शिक्षणाने रुग्ण खरोखर वाचतात का, असे विचारणाऱ्यांसाठी एक पुरावा सांगते. २०१४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात युरोपातल्या नऊ देशांतल्या ३०० रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेल्या चार लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. एका नर्सवर एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू येण्याचा संभव ७ टक्क्यांनी वाढलेला आढळला. पदवीधर नर्सचे प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असेल तिथे तो ७ टक्क्यांनी कमी आढळला. म्हणजे माणसे पुरेशी हवीत, आणि ती शिकलेलीही हवीत. एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही.

इथे मी माझ्या मुख्य मुद्द्यावर येते. आपल्याकडे माणसांची कमतरता भरून काढण्याचा सोपा मार्ग म्हणून विद्यार्थ्यांकडे पाहिले जाते. अधिपरिचारिकांची पदे रिकामी असतात, वॉर्ड तुडुंब भरलेला असतो, आणि पांढऱ्या गणवेशातल्या वीस मुली समोर दिसतात. मग त्यांना रक्ताच्या बाटल्या आणायला, रिपोर्ट पोहोचवायला, ट्रॉली ढकलायला लावले जाते. परिसेविकेला मी दोष देत नाही, तिच्याजवळ दुसरे हात नसतात. पण ज्या तासात मुलीने श्वास मोजायला शिकायचे, त्या तासात ती लॅबच्या रांगेत उभी असेल, तर चार वर्षांनी आपल्या हाती येईल ती पदवी असलेली, पण २० लिहिणारी नर्स. माझ्यासारखी, त्या रात्रीच्या माझ्यासारखी.

उपाय नवा नाही. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक, हा परिचर्या परिषदेचा निकष आहे. तो शिक्षक वर्गात हवा तसा वॉर्डातही हवा, खाटेच्या बाजूला, विद्यार्थ्याच्या खांद्याला खांदा लावून. शिक्षकांची पदे भरली पाहिजेत, कंत्राटावर अकरा-अकरा महिने ढकलता कामा नयेत. वॉर्डातली नियमित पदेही भरली पाहिजेत, म्हणजे विद्यार्थ्याला विद्यार्थी राहता येईल. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने वैद्यकीय महाविद्यालयांच्या आवारात १५७ नवी सरकारी नर्सिंग कॉलेजे काढायला मंजुरी दिली. त्यासाठी १,५७० कोटी रुपये ठरले, आणि त्यांतून वर्षाला सुमारे १५,७०० पदवीधर बाहेर पडतील असे सांगितले गेले. त्याच वर्षी राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदाही झाला. या दोन्ही गोष्टींचे मी मनापासून स्वागत करते. पण इमारत बांधायला दोन वर्षे लागतात आणि वॉर्डात शिकवू शकेल अशी शिक्षिका तयार व्हायला दहा वर्षे. ती दहा वर्षे आजपासून मोजायला सुरुवात केली पाहिजे.

इथे बसलेल्या पालकांना माझी विनंती आहे. घरातली मुलगी किंवा मुलगा नर्सिंगला जायचे म्हणत असेल, तर माझ्या वडिलांनी विचारलेला प्रश्न विचारू नका. गुरुजींनी विचारलेला विचारा.

आणि एक विनंती सगळ्यांना. तुम्ही कधी ना कधी सरकारी रुग्णालयात आपल्या माणसाच्या खाटेजवळ बसाल. कॉलेजचा गणवेश घातलेली एखादी मुलगी तुमच्या रुग्णाच्या मनगटावर बोटे ठेवून घड्याळाकडे पाहत उभी दिसली, तर तेवढे एक मिनिट तिच्याशी बोलू नका. सलाईन कधी संपेल, डॉक्टर कधी येतील, ते नंतर विचारा. ती मोजते आहे. तिला पूर्ण एक मिनिट मोजू द्या.